ओढली की लांबणारी आणि ओढली की मिटणारी स्प्रिंग

माझ्या टेबलाच्या खणात एक तुटकी स्प्रिंग कित्येक वर्षं पडून आहे. अंगठ्याएवढी जाड, बाहेरून १८ मिलिमीटर. तिचे वीसच्या वीस वेढे आजही नव्यासारखे एकमेकांना चिकटून बसलेले आहेत. तार गंजलेली नाही, कुठे ढिली पडलेली नाही. फक्त एका टोकाचा हुक जागेवर नाही. अंगातून तार वर उठून हुकाकडे वळते, नेमक्या त्या वळणावर ती तुटली आहे.

एका यंत्रातला लिव्हर मागे ओढून आणायचं काम तिच्याकडे होतं, दिवसाला चार-पाच हजार वेळा. जुनी स्प्रिंग निकामी झाली म्हणून मी तिची मापं घेतली आणि तशीच ही दुसरी आणली. लांबी तीच, जाडी तीच, तार तीच, वेढेही तितकेच. जुनी बरीच वर्षं टिकली होती, नवी तीन आठवड्यांत गेली. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या तेव्हा फरक सापडला. जुनीच्या हुकाचं वळण गोलसर होतं, नवीचं जवळजवळ काटकोनात मोडलेलं. ते माप मी घेतलंच नव्हतं, कारण असं काही मोजायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

ओढीच्या स्प्रिंगबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी त्या तुकड्यावरून शिकलो: वेढे क्वचित दगा देतात, दगा देतो तो हुक.

तार ताणली जात नाही, पिळली जाते

ओढीची स्प्रिंग म्हणजे एक्स्टेन्शन स्प्रिंग. कारागीर तिला टेन्शन स्प्रिंग म्हणतात. मोटरसायकलच्या साइड स्टँडला, ट्रॅम्पोलिनच्या कडेला, ड्रम ब्रेकच्या आत, काट्याला वस्तू अडकवून वजन करायच्या तराजूत हीच असते. दोन्ही टोकांना हुक, मध्ये चिकटून बसलेले वेढे. ओढलं की वेढे एकमेकांपासून सुटतात, सोडलं की परत बिलगतात.

बघताना वाटतं की तार रबरासारखी लांब होते आहे. तसं होत नाही. ओढलेल्या स्प्रिंगची तार सरळ करून मोजली, तर तिची लांबी होती तेवढीच भरेल. एक वेढा वाटीच्या कडेसारखा आडवा आहे अशी कल्पना करा. ओढणारं बळ वेढ्याच्या मधोमध, पोकळीतून जातं आणि तार असते त्यापासून एका त्रिज्येएवढ्या अंतरावर. म्हणजे बळ तारेला पान्यासारखं फिरवतं. तारेचा प्रत्येक इंच थोडा थोडा पिळला जातो, आणि हे सगळे छोटे पीळ मिळून आपल्याला स्प्रिंग लांबलेली दिसते. दाबाच्या स्प्रिंगमध्येही हाच पीळ असतो, फक्त उलट दिशेचा.

हे एकदा पटलं की पुढचं गणित पाठ करावं लागत नाही. जाड तार पिळायला फार अवघड, म्हणून तारेचा व्यास चौथ्या घातात येतो. वेढा मोठा असेल तर पान्याचा दांडा लांब होतो आणि पिळायला तारही जास्त मिळते, म्हणून वेढ्याचा व्यास तिसऱ्या घातात, आणि तो स्प्रिंगला मऊ करतो. वेढ्यांची संख्या मात्र साध्या प्रमाणात मोजायची. सूत्र असं:

कडकपणा = (शिअर मॉड्युलस × तारेच्या व्यासाचा चौथा घात) ÷ (८ × वेढ्याच्या सरासरी व्यासाचा घन × वेढ्यांची संख्या)

कडकपणा म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर लांबवायला लागणारं जादा बळ. शिअर मॉड्युलस म्हणजे तो धातू पिळायला किती अवघड, ते सांगणारा आकडा. स्प्रिंगच्या पोलादासाठी तो सुमारे ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, स्टेनलेससाठी सुमारे ६९,०००. सरासरी व्यास मोजताना बाहेरच्या मापातून तारेची एक जाडी वजा करायची.

खणातल्या स्प्रिंगची तार २ मिमी, सरासरी व्यास १६ मिमी, वेढे २०. सूत्रात घातलं की कडकपणा येतो १.९५ न्यूटन प्रति मिमी. म्हणजे दर पाच मिलिमीटरला साधारण एक किलो.

आता तार २ ऐवजी २.२ मिमी घ्या. डोळ्यांना फरक दिसणार नाही, बोटांनाही जाणवणार नाही. कडकपणा मात्र ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून तार फूटपट्टीने मोजू नये. व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजावी. चिकट वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये पडताळ्याची एक सोपी युक्ती आहे: वेढ्यांच्या भागाची लांबी मोजायची आणि वेढ्यांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागायची. आमच्या स्प्रिंगचं अंग ४२ मिमी, वेढे २०. ४२ भागिले २१ म्हणजे बरोबर २ मिमी. भागाकार तारेच्या मापापेक्षा मोठा आला तर समजावं की वेढ्यांमध्ये फट पडली आहे. ती स्प्रिंग पूर्वी कधीतरी गरजेपेक्षा जास्त ओढली गेली आहे.

याच सूत्रात आणखी एक नेहमीची चूक दिसते. स्प्रिंग लांब पडते म्हणून कापून अर्धी करतात. अर्धे वेढे म्हणजे दुप्पट कडकपणा. शिवाय कापलेल्या टोकाला पकडीने वाकवून हुक करावा लागतो, आणि तो हुक कसा असतो ते पुढे येईलच.

स्प्रिंगमध्ये आधीच भरलेला ताण

रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये स्प्रिंगचा नियम अक्षरांच्या कोड्यात दडवून छापला आणि १६७८ मध्ये कोडं उलगडलं: जेवढी ओढ, तेवढं बळ. दाबाच्या स्प्रिंगला हा नियम शून्यापासून लागू पडतो. ओढीच्या स्प्रिंगला पडत नाही.

चिकट वेढ्यांची स्प्रिंग हातात घेऊन हलकेच ओढून बघा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एका ठरावीक बळाला वेढे सुटतात आणि तिथून पुढे ती लांबू लागते. गुंडाळतानाच तारेला असा पीळ दिलेला असतो की वेढे एकमेकांवर दाबून बसतात. याला इनिशियल टेन्शन म्हणतात, मी भरलेला ताण म्हणेन. आमच्या स्प्रिंगमध्ये तो २० न्यूटन आहे, म्हणजे सुमारे दोन किलो. एकूण बळ असं मोजायचं: आधी भरलेला ताण, त्यात कडकपणा गुणिले लांबलेलं अंतर मिळवायचं.

हा ताण फार उपयोगी असतो. दार बंद असताना, लिव्हर मागच्या टोकाला टेकलेला असताना ही स्प्रिंग आळसावत नाही, तिच्यात धरून ठेवायचं बळ असतं. पण तो हवा तेवढा भरता येत नाही. वेढ्याचा सरासरी व्यास भागिले तारेचा व्यास या आकड्याला स्प्रिंग इंडेक्स म्हणतात. आमच्या स्प्रिंगचा तो ८. इंडेक्स जितका लहान, तितका ताण जास्त भरता येतो. मोठ्या, सैलसर वेढ्यांत तो कमीच राहतो. इंडेक्स ४ ते १२ च्या दरम्यान असावा. ४ च्या खाली तार इतकी घट्ट वळवावी लागते की तिला इजा होते, १२ च्या वर वेढे लवचिक होऊन एकमेकांत अडकतात.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. स्प्रिंगच्या बाबतीत उलट आहे. गुंडाळल्यावर तारेतला नको असलेला अंतर्गत ताण काढायला तिला भट्टीत तापवतात, आणि त्या तापात भरलेल्या ताणाचाही काही भाग उतरतो. बनवणारे तो हिशेब धरूनच गुंडाळतात. तुम्ही मात्र घरी गॅसवर किंवा टॉर्चने तापवून हुक सरळ करायच्या फंदात पडू नका. भरलेला ताण तर जाईलच, तारेचं पाणीही उतरेल.

जुन्या स्प्रिंगचा भरलेला ताण मोजायला कसलंही यंत्र लागत नाही. दोन वजनं पुरतात. स्प्रिंग एका मजबूत खिळ्याला टांगा. हुकाच्या आतून आतपर्यंत मोकळी लांबी मोजा, आमची ७० मिमी. ५ किलो टांगलं तर लांबी झाली ८५, १० किलोला ११०. पहिल्या वजनाला १५ मिमी, दुसऱ्याला ४०. म्हणजे मधल्या २५ मिमीला ५ किलो, अर्थात ४९ न्यूटन लागले. ४९ भागिले २५ केलं की कडकपणा १.९६. आता ५ किलोच्या ४९ न्यूटनमधून १.९६ गुणिले १५ वजा करा, उरले १९.६. हाच भरलेला ताण. एकच वजन टांगून गणित केलं असतं तर कडकपणा चुकला असता, कारण तेव्हा दोन अनोळखी आकडे आणि समीकरण एकच.

हुकाचं वळण

आता त्या वळणाकडे. ओढीच्या स्प्रिंगच्या अंगात फक्त पीळ असतो. हुकात तीच तार दोन प्रकारांनी सोसते. हुकाची कमान उघडायला बघते, म्हणून कमानीच्या मध्यावर तार वाकते. आणि शेवटच्या वेढ्यातून तार हुकासाठी वर उठते तिथे, त्या लहानशा वळणात, पीळ एकवटतो. वळण जितकं तीक्ष्ण, तितका आतल्या बाजूला पीळ जास्त.

आमच्या यंत्रात स्प्रिंग ३० मिमी ओढली जायची. बळ २० अधिक १.९५ गुणिले ३०, म्हणजे ७९ न्यूटनच्या आसपास. त्या बळाला वेढ्यांच्या तारेतला ताण साधारण ४७० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तितके न्यूटन. २ मिमीची म्युझिक वायर, म्हणजे स्प्रिंगसाठीची खास कडक पोलादी तार, सुमारे २००० मेगापास्कलला तुटते, आणि दहा लाख वेळा ओढायची असेल तर वेढ्यांतला पीळ तिच्या ३३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६६० पर्यंत चालतो. वेढे निवांत आहेत.

हुकाच्या कमानीतला वाकण्याचा ताण सुमारे ९१०. तिथली मर्यादा ४७ टक्के, म्हणजे ९४०. जेमतेम बसतं.

आता तळाचं वळण. जुन्या स्प्रिंगमध्ये त्याची त्रिज्या होती ४ मिमी, तारेच्या दुप्पट. त्या वळणात पीळ येतो ५०० मेगापास्कल. हुकाच्या पिळाला मर्यादा ३० टक्के, म्हणजे ६००. चालतं. नव्या स्प्रिंगमध्ये तीच त्रिज्या होती २ मिमी. बळ तेच, तार तीच, आणि पीळ ७००. एक लाख ओढींसाठीची मर्यादासुद्धा ६८० च आहे. दिवसाला चार-पाच हजार ओढी, तीन आठवडे. लाखाच्या आसपासच ती गेली, जायलाच हवी होती.

हे आकडे मी नंतर मांडले आणि तेव्हा मला खरोखर धक्का बसला. दोन मिलिमीटरचा फरक, तोही कुठल्याच मापाच्या तक्त्यात नसलेला. म्हणून आता कुणी ओढीची स्प्रिंग मागितली की मी आधी हुक बघतो. वळणाची आतली त्रिज्या निदान तारेच्या दीडपट, म्हणजे मधली त्रिज्या दुप्पट असावी. वळणावर पकडीचा ओरखडा किंवा खाच असेल तर ती स्प्रिंग मी परत करतो. तडा तिथूनच सुरू होतो.

हुक अनेक तऱ्हांचे मिळतात. शेवटचा वेढा सरळ वर उचलून केलेला हुक सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा. तार मध्यावर आडवी आणून मग वळवलेला हुकही असतो, पण त्यात तीक्ष्ण वळणं जास्त. बाजूच्या कडेवर काढलेला हुक ओढ मध्यातून जाऊ देत नाही, त्यामुळे स्प्रिंग वाकडी होते. हलक्या कामापुरताच तो बरा. काम अवघड असेल तर मला सर्वांत पटतो तो निमुळत्या टोकाचा प्रकार. शेवटचे दोन-तीन वेढे हळूहळू लहान करत आणतात आणि त्या निमुळत्या तोंडातून वेगळा, फिरता हुक काढतात. वेढा लहान म्हणजे पान्याचा दांडा आखूड, म्हणजे टोकाला ताण कमी. हुक फिरता असल्यामुळे बसवताना पीळ पडला तरी तो तारेत साठून राहत नाही.

हुक ज्यात अडकतो ती जागाही तितकीच महत्त्वाची. पातळ पत्र्यातलं धारदार भोक हुकाला करवतीसारखं खातं. गोल पिन, तिला खाच, आणि हुकाला डुलायला जागा द्या. स्प्रिंगचं आयुष्य वाढवायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आणखी एक उणीव ओढीच्या स्प्रिंगच्या रचनेतच आहे. तिला थांबा नाही. दाबाची स्प्रिंग दाबत गेलं की वेढ्याला वेढा टेकतो आणि ती थांबते. ओढीची ओढत गेलं की ती लांबतच जाते, आधी कायमची ढिली होते आणि मग तुटते. थांबा यंत्रात वेगळा द्यावा लागतो. आणि ती तुटली की धरलेली वस्तू त्याच क्षणी सुटते, स्प्रिंगचा तुकडा हवेत उडतो. वर सरकणाऱ्या गॅरेजच्या दारांना ओढीच्या स्प्रिंग असतात तिथे त्यांच्या पोटातून पोलादी दोरी ओवतात ती याचसाठी. दोरी वजन उचलत नाही, तुटलेला तुकडा अडकवून ठेवते. काही साइड स्टँडना एकात एक घातलेल्या दोन स्प्रिंग असतात, एक गेली तरी दुसरी स्टँड धरून ठेवते.

ओढली की मिटणारी

या दोन्ही उणिवांवरचं उत्तर म्हणजे ड्रॉबार स्प्रिंग. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली जोडायच्या दांड्यालाही ड्रॉबार म्हणतात, त्याच्याशी हिची गल्लत करू नका.

हिची रचना हातात घेतल्याशिवाय पटत नाही, तरी सांगून बघतो. मध्ये एक साधी दाबाची स्प्रिंग, वेढ्यांत मोकळी फट असलेली. तिच्या पोटातून जाड तारेचे दोन लांब चिमटे जातात. प्रत्येक चिमटा म्हणजे केसांच्या पिनेसारखी दुमडलेली तार: एका बाजूला बंद कडी, दुसऱ्या बाजूला दोन मोकळे पाय, पायांची टोकं बाहेर वळवलेली. वरचा चिमटा स्प्रिंगच्या पोटातून खाली जातो आणि त्याचे पाय खालच्या वेढ्याला अडकतात. खालचा चिमटा पोटातूनच वर जातो आणि वरच्या वेढ्याला अडकतो. आता वरची कडी वर आणि खालची खाली ओढली, तर वरचा चिमटा स्प्रिंगचं खालचं टोक वर आणतो, खालचा वरचं टोक खाली. दोन कड्या एकमेकींपासून दूर जातात आणि मधली स्प्रिंग मिटते.

बाहेरून काम ओढीचं, आतून स्प्रिंग दाबाची. या उलटापालटीतून दोन मोठे फायदे मिळतात. पहिला, थांबा आपोआप येतो. वेढे एकमेकांना टेकले, कारागिरांच्या भाषेत स्प्रिंग सॉलिड झाली, की ती पुढे लांबत नाही. तेवढ्यावर ताण सुरक्षित राहील अशी तार निवडली असेल तर जादा ओढल्याने ती खराब होत नाही. दुसरा फायदा माझ्या मते याहून मोठा. मधली स्प्रिंग तुटली तरी तिचे तुकडे चिमट्यांवरच ओवलेले राहतात. वजन थोडं खाली बसतं, पण सुटत नाही. माणूस खाली असेल, किंवा स्प्रिंगवर माणूस बसणार असेल, तर माझ्या दृष्टीने दुसरा विचार करायचं कारणच उरत नाही. झोपाळे, टांगत्या खुर्च्या, मुष्टियुद्धाच्या सरावाच्या बॅगा अशा ठिकाणी ड्रॉबारच लावावी.

तिच्या मर्यादाही आहेत. ती जाड आणि जड असते. भरलेला ताण तिच्यात नसतो, अगदी हलक्या ओढीलाही ती हलते, त्यामुळे काहीतरी घट्ट धरून ठेवायचं असेल तर बसवतानाच थोडी ओढून बसवावी लागते. चिमट्याचे पाय वेढ्यांच्या आतल्या बाजूला घासतात, म्हणून रोज हजारो वेळा झपाझप चालणाऱ्या यंत्रात मी ती लावणार नाही. तिथे चांगल्या हुकाची ओढीची स्प्रिंगच हवी.

एक टांगती खुर्ची

निवड कशी करायची ते उदाहरणाने बघू. माणूस आणि खुर्ची मिळून ८० किलो, एकाच स्प्रिंगवर. वजन ७८५ न्यूटन. बसल्यावर खुर्ची ४० मिमी खाली यावी असं वाटतं. म्हणजे कडकपणा साधारण २० न्यूटन प्रति मिमी.

बहुतेक जण इथे थांबतात आणि ८० किलोची स्प्रिंग मागतात. पण माणूस वजन हळूहळू सोडत नाही, बसतो. वजन एकदम पडलं, अगदी शून्य उंचीवरून, तरी स्प्रिंग क्षणभर दुप्पट लांबते आणि तिच्यावर दुप्पट बळ येतं. म्हणजे ८० मिमी आणि १५७० न्यूटन. धपकन बसलं तर याहून जास्त. म्हणून मिटायला निदान ९० मिमी जागा हवी. तेवढं मिटल्यावर बळ सुमारे १७५० न्यूटन असेल, आणि तार त्या बळाला टिकायला हवी.

आधी ६ मिमीची तार घेऊन बघू, सरासरी व्यास ४२ मिमी. नऊ चालू, म्हणजे खरोखर काम करणाऱ्या, वेढ्यांना कडकपणा बरोबर बसतो. पण पूर्ण मिटल्यावर तारेतला ताण १००० मेगापास्कलच्या वर जातो, आणि या जाडीच्या तारेला ७७० च्या पुढे जाऊ देणं बरं नाही. बाद. तार ८ मिमी, व्यास ५६, चालू वेढे १२ घेतले तर कडकपणा १९ च्या आसपास आणि ताण ५८० ते ५९०. ऑइल टेम्पर्ड, म्हणजे तेलात पाणी दिलेल्या पोलादी तारेला ८ मिमीत सुमारे ६०० पर्यंत चालतं. पसंत.

दाबाच्या स्प्रिंगचे दोन्ही टोकांचे वेढे चपटे बसवतात, ते काम करत नाहीत. म्हणून एकूण वेढे १४. पूर्ण मिटल्यावर उंची १४ गुणिले ८, म्हणजे ११२ मिमी. त्यात ९० मिळवले की मोकळी उंची जवळपास २०० मिमी. उंची व्यासाच्या चौपटीपेक्षा कमी आहे, म्हणजे दाबताना स्प्रिंग मधूनच पोट काढून वाकायची भीती फारशी नाही.

चिमटेही या बळाला तपासायचे. प्रत्येक चिमट्याचे दोन पाय अर्धं अर्धं वजन घेतात, पण पायाच्या टोकाची वळणं आणि वरची कडी वाकण्यात सोसतात. स्प्रिंग उत्तम आणि चिमटा पातळ अशी जोडी मी पाहिली आहे. असल्या जोडीत तुटण्याचा क्रमच उलटतो आणि ड्रॉबारचा मुख्य फायदा हातचा जातो.

तार आणि मुलामा

कोरड्या जागेत म्युझिक वायर सर्वांत बळकट, पण ती गंजते आणि १२० अंश सेल्सियसच्या वर ढिली पडू लागते. जाड स्प्रिंगला ऑइल टेम्पर्ड तार. ओलावा असेल तर स्टेनलेस, ते सुमारे २६० अंशांपर्यंत टिकतं. स्टेनलेस मऊ असल्यामुळे त्याच मापात स्प्रिंग १३-१४ टक्के कमी कडक होते, ते धरून वेढे कमी करावे लागतात.

ओढीच्या स्प्रिंगला जस्ताचा मुलामा द्यायला माझा विरोध आहे. वेढे चिकटलेले असल्याने मुलामा मध्ये शिरत नाही, पण मुलाम्याआधीचं आम्ल शिरतं आणि तिथेच राहतं. शिवाय या प्रक्रियेत कडक पोलादात हायड्रोजन भिनतो आणि तार काचेसारखी ठिसूळ होते. मुलामा झाल्यावर लगेच १९० ते २२० अंशांना काही तास तापवलं तर हायड्रोजन बराचसा निघून जातो. हे नीट केलं आहे की नाही, ते बाहेरून कळत नाही. स्प्रिंग बसवली, ठीक दिसली आणि दुसऱ्या दिवशी आपोआप तुटली, तर पहिला संशय यावर घ्यावा. मुलाम्याचा हट्ट धरण्यापेक्षा स्टेनलेस घ्या.

मागवताना आणि बसवल्यावर

बनवणाऱ्याला सांगायचं ते एवढं: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, हुकाच्या आतून आतपर्यंतची मोकळी लांबी, हुकाचा प्रकार, दोन्ही हुकांची तोंडं एकाच रेषेत की काटकोनात, आणि हुकाच्या वळणाची त्रिज्या. त्याखाली दोन ओळी: अमुक लांबीला अमुक बळ, आणि तमुक लांबीला तमुक बळ. दोन बिंदू दिले की कडकपणा आणि भरलेला ताण दोन्ही ठरून जातात. शेवटी जास्तीत जास्त किती ओढली जाणार आणि दिवसातून किती वेळा, ते सांगा. हा शेवटचा आकडा विचारत नाही असा बनवणारा मी टाळतो. ड्रॉबारसाठी पूर्ण मिटल्यावरची कड्यांमधली लांबी आणि त्या वेळचं बळही लिहा.

बसवताना डोळ्यांवर चष्मा, आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको. ताणलेली लहानशी स्प्रिंगही हातातून सुटली तर डोळा घालवू शकते.

पुढे वापरात असताना ओढीच्या स्प्रिंगचं वजन काढून वेढ्यांत कुठे फट राहते का बघा. राहिली तर तिचा भरलेला ताण संपला आहे. हुकाच्या तळाच्या वळणावर भिंग धरा. तिथे केसाएवढी आडवी रेघ दिसली, बोटाला लागली नाही तरी, स्प्रिंग त्याच दिवशी बदला, आणि जोडीने लावलेली असेल तर दुसरीही. ड्रॉबारमध्ये चिमट्याचे पाय वेढ्याला जिथे अडकतात ती जागा आणि पायांवर पडलेले घासण्याचे चरे बघा. चऱ्याची खोली तारेच्या दहाव्या हिश्शाला पोचली की मी चिमटा काढून टाकतो, स्प्रिंग कितीही चांगली असली तरी.